कर्तव्यसूचीची शेवटची ओळ

जालना शहरातला मस्तगड अठराव्या शतकातला. निजामुल्मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ च्या सुमारास ही गढी उभी केली. चौकोनी आखणी, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज, दरवाज्याच्या आतल्या अंगाला फारसी शिलालेख आणि पोटात दालने असलेली मोठी विहीर. लष्करी गरजेतून बांधलेल्या या वास्तूत पुढे नगरपालिकेचे कार्यालय आले. २०२३ मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली, राज्यातली २९ वी. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाची जागा १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने घेतली. कोणत्याही शहराच्या बाबतीत असा बदल झाला की आस्थापना विभागात पहिली चर्चा सुरू होते ती आकृतिबंधाची. कोणत्या संवर्गात किती पदे हवीत, त्यांतली किती मंजूर होतील, किती रिक्त राहतील, आस्थापना खर्च किती टक्क्यांवर जाईल, हे सगळे प्रश्न खरे आहेत. जालन्यापुरते सांगायचे तर २०११ च्या जनगणनेतली सुमारे २ लाख ८५ हजारांची लोकसंख्या हा त्या हिशेबाचा एक आधार असतो. पण या सगळ्याच्या आधी विचारायचा एक प्रश्न नेहमी मागे राहतो. त्या पदावर बसलेला माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके करतो काय? या प्रश्नाचे शिस्तीने शोधलेले उत्तर म्हणजे कार्यविश्लेषण. मनुष्यबळ व्यवस्थापनातल्या भरती, प्रशिक्षण, वेतन, बढती, मूल्यमापन या सगळ्या गोष्टी त्या उत्तरावर उभ्या असतात. ते उत्तर शोधलेच नाही तर त्या अंदाजावर उभ्या राहतात, आणि अंदाज चुकला की त्याची किंमत बहुतेक वेळा सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस मोजतो. या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे ते एवढेच.

आपल्याकडे कामाचे वर्णन लिहिलेलेच नसते असे नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ मुद्द्यांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते, आणि त्यातला दुसराच मुद्दा अधिकारी व कर्मचारी यांच्या कर्तव्यांचा आणि अधिकारांचा आहे. कायद्याने हे काम प्रत्येक कार्यालयाच्या दारात आणून ठेवले. त्यातून फायली तयार झाल्या, फलक लागले. मात्र एकेका पदाची कर्तव्यसूची वाचत गेले की बहुतेक ठिकाणी शेवटची ओळ तीच सापडते: वरिष्ठांनी वेळोवेळी सांगितलेली इतर कामे. वरच्या सात-आठ कलमांत पदाची ओळख असते आणि कर्मचाऱ्याचा प्रत्यक्ष दिवस पुष्कळदा या शेवटच्या ओळीत जातो. शिक्षण हक्क कायद्याला शिक्षकांसाठी स्वतंत्र कलम २७ घालावे लागले, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामे त्यांना देऊ नयेत असे सांगावे लागले, ते या ओळीमुळेच. शिक्षकांना निदान कायद्याचे कलम मिळाले. पालिकेच्या वॉलमनला ते नाही.

वॉलमनचे उदाहरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. जालन्याला पाणी दोन बाजूंनी येते. एक निजामकाळातला घाणेवाडीचा जलाशय आणि दुसरी जायकवाडीवरून येणारी लांबलचक जलवाहिनी. कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा. मराठवाड्यातल्या कितीतरी शहरांत नळाला रोज पाणी नसते, ते पाळीने सोडावे लागते, आणि ती पाळी ज्याच्या हातातल्या लांब दांड्याच्या चावीवर चालते तो हा माणूस. कागदावर त्याचे काम एका वाक्याचे आहे: ठरलेल्या वेळी वॉल उघडणे व बंद करणे. प्रत्यक्षात कोणता वॉल किती आटे फिरवायचा हे त्याला माहीत असावे लागते, कारण पूर्ण उघडला तर सखल गल्ली सगळे पाणी ओढून घेते आणि चढावरची घरे कोरडी राहतात. वीज गेली आणि उपसा थांबला तर टाकी कितपत भरली असेल याचा अंदाज बांधून पाळी पुढे ढकलावी लागते. चेंबरवर कोणी वाहन लावले असेल तर ते हलवून घ्यावे लागते. जुनी वाहिनी कोणत्या गल्लीखालून वळते याचा नकाशा सापडत नसेल, तर तो त्याच्या डोक्यात असतो. गळती कुठे आहे हे तो ओल पाहून आणि आवाज ऐकून सांगतो. आणि या सगळ्याच्या जोडीला, पाणी का आले नाही याचा जाब विचारायला येणाऱ्या लोकांना तोंड देणे, हे तर कोणत्याच सूचीत नसते. २०१२-१३ च्या दुष्काळात पाण्यासाठी जालन्याची जी दैना झाली तिची आठवण ठेवली, तर अशा वर्षात या शेवटच्या कामाचे वजन काय होत असेल याची कल्पना येते. हा माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर शहराच्या जलवितरणाचा एक तुकडा घरी जातो. त्याच्या जागी कंत्राटदाराने पाठवलेला मुलगा चावी घेऊन उभा राहतो आणि पुढचे सहा महिने चढावरच्या वस्तीला पाणी का मिळत नाही हे कोणालाच कळत नाही. कार्यविश्लेषण करायचे म्हणजे त्या निवृत्तीच्या आधी, त्याच्याबरोबर पहाटे फिरून, एकेका चेंबरपाशी थांबून, तो काय करतो, का करतो आणि चुकले तर काय होते हे त्याच्याच तोंडून लिहून घेणे.

काम लिहून काढण्याची ही कल्पना परदेशी पुस्तकांतून आली असे मानण्याचे कारण नाही. शिवराज्याभिषेकाच्या सुमाराचा, १६७४ चा कानूजाबता प्रसिद्ध आहे. त्यात अष्टप्रधानांपैकी कोणी काय करायचे हे पदवार दिले आहे. सचिवाने राजपत्रे तपासून त्यांतला अधिकउणा मजकूर दुरुस्त करायचा, अमात्याने जमाखर्च पाहायचा, आणि कोणी युद्धप्रसंग करायचा नि कोणी नाही हेही स्पष्ट. राज्याच्या शिखरावर कामाची अशी आखीव मांडणी होती. गावाच्या पायथ्याशी ती नव्हती, आणि ही तफावत फार पुढेपर्यंत चालत आली. मुंबई इलाख्यातला १८७४ चा वतन कायदा घ्या. त्याखाली महार वतनदाराने सरकारची कोणती कामे करायची, दिवसाचे किती तास करायची, कोणत्या खात्यासाठी करायची, याला हद्द नव्हती. तो घरी नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला कामाला जुंपले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा अपुऱ्या मोबदल्याइतकाच हा अमर्याद कामाचा मुद्दा त्यांच्या युक्तिवादाच्या गाभ्याशी होता. कामाला सीमा नसेल तर चाकरीची वेठबिगारी होते हे त्यांनी सभागृहाला पटवण्याचा प्रयत्न केला. ती वतने कायद्याने जायला १९५८ उजाडले. ‘इतर कामे’ या दोन शब्दांकडे केवळ कार्यालयीन सोय म्हणून पाहता येत नाही, ते या इतिहासामुळे.

त्याच काळात मुंबईच्या कापड गिरण्यांत दुसरे उदाहरण घडत होते, आणि माणसाची निवड कामाच्या कोणत्या अंगावरून होते हे समजायला त्याच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. गिरणीत विणखात्यातली मजुरी चांगली, पण अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात शिरकाव नव्हता. सांगितले जाणारे कारण असे, की कांडीवरचा धागा धोट्याच्या छिद्रातून ओढताना विणकराला तोंड लावून तो चोखावा लागे, आणि एकाचे तोंड लागलेल्या धोट्याला दुसरा तोंड लावायला तयार नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. कामाची फोड करून पाहिली तर काय दिसते? माग चालू करणे, तुटलेला धागा जोडणे, कापडातला दोष पकडणे, कांडी बदलणे अशा अनेक क्रियांतली ही एक क्रिया. तीसुद्धा आरोग्याला घातक. तोंड न लावता धागा ओवता येणारे धोटे तेव्हा जगात वापरात आलेले होते. म्हणजे एका समाजाला बाहेर ठेवणारी अट विणकामाच्या कौशल्यातून आलेली नव्हती, ती एका अवजारातून आणि सवर्ण कामगारांच्या विटाळाच्या कल्पनेतून आली होती. काम तुकड्या-तुकड्याने तपासले की कोणती अट कामासाठी खरोखर लागते आणि कोणती रूढीने चिकटली आहे, हे वेगळे होते. आजही भरतीच्या जाहिरातीतली शैक्षणिक पात्रता, उंचीची अट, वयाची अट या चाळणीतून गेली पाहिजे.

भरतीच्या परीक्षांकडे पाहिले तरी हाच धागा लागतो. अग्निशामकाच्या भरतीत उमेदवाराला शिडी चढून जावे लागते, माणसाच्या वजनाची आकृती खांद्यावर घेऊन धावावे लागते. कोणीतरी कधीतरी आग विझवणाऱ्याचे काम नीट पाहिले आणि त्यातून परीक्षा घडवली, हे उघड आहे. याउलट सरळसेवा भरतीच्या बहुतेक पदांसाठी मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी हाच साचा ठरलेला. प्रचंड संख्येने येणाऱ्या अर्जांना न्याय द्यायला तो सोयीचा आहे आणि वशिलेबाजीला काही प्रमाणात आळा घालतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण स्वच्छता निरीक्षकाला कचरा-संकलनाच्या गाड्यांचे मार्ग आखता येतात का, तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेता येते का, हे त्या उत्तरपत्रिकेत कुठेच उमटत नाही. राज्यांच्या किंवा देशांच्या राजधान्या पाठ करण्यात मुलांची उमेदीची वर्षे जातात आणि ज्या कामासाठी ते सारे चालले आहे त्याची तोंडओळखसुद्धा नेमणुकीच्या दिवशी होते. हे बदलायचे तर सुरुवात प्रश्नपत्रिकेपासून करून चालणार नाही, कामापासून करावी लागेल.

वेतनाचा प्रश्न याहून अवघड. किमान वेतनाच्या अधिसूचना कामगारांची वाटणी अकुशल, अर्धकुशल आणि कुशल अशी करतात. मग कोण कुशल हे ठरवायचे कशावरून? जालना हे बियाण्यांचे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्यांच्या या उद्योगामागे एक अत्यंत नाजूक हस्तकाम आहे, ज्याला शिवारात सरळ क्रॉसिंग म्हणतात. कपाशीचे घ्या. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर ओळखायची, तिच्या पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी नखाने अशी काढायची की आतल्या कुक्षीला आणि बीजकोशाला इजा होऊ नये, खूण करून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या फुलाचे पराग त्या कुक्षीवर फिरवायचे. कळी एक दिवस उशिरा धरली तर स्वपरागीभवन होऊन बियाण्याची शुद्धता जाते. नख खोल गेले तर बोंडच धरत नाही. शेडनेटमधल्या मिरची-टोमॅटोच्या बियाण्यासाठी तर फूल आणखी लहान. हे काम प्रामुख्याने बाया करतात आणि हिशेबात ते शेतमजुरी म्हणून धरले जाते. नजर, बोटांचे नियंत्रण, वेळेचे भान, चुकीचे परिणाम आणि शिकायला लागणारा काळ या पाच कसोट्या लावून कोणीही या कामाचे विश्लेषण केले, तर त्याला अकुशल म्हणणे टिकणार नाही.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व राज्यघटनेच्या कलम ३९(घ) मध्ये आहे, रणधीर सिंग प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला बळ दिले, आणि २०१६ च्या जगजीत सिंग निकालाने ते तात्पुरत्या कर्मचाऱ्यांपर्यंत नेले. त्याच निकालातला एक भाग मात्र कमी वाचला जातो: काम समान आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर आहे. कंत्राटी वॉलमन आणि कायम वॉलमन एकच काम करतात हे सगळ्या गल्लीला दिसते. न्यायालयात ते दाखवायला कागद लागतो, आणि कामाची नोंदच कधी झाली नसेल तर तो कागद आणायचा कुठून?

सुरक्षेबद्दल फार विस्तार करण्याची गरज नाही, कारण इथे बाजू दोन नाहीतच. गटारे आणि सेप्टिक टँक यांत माणूस उतरवण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आणि कडक बंधने घातली, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरी मृत्यूच्या बातम्या येत राहतात. त्यांतल्या पुष्कळ बातम्यांत मेलेला माणूस नोंदीने सफाई कामगारही नसतो. तो मजूर असतो, प्लंबरचा मदतनीस असतो किंवा आतल्याला वाचवायला उतरलेला तिसराच कोणी. ज्या कामाचे अस्तित्वच कोणी मान्य करत नाही, त्या कामासाठी यंत्र, प्रशिक्षण, प्राणवायूची नळी यांची तरतूद कोण करणार?

आता आक्षेपांकडे. सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर आक्षेप कामगारांच्या बाजूचा आहे: कामाचे विश्लेषण हे घाम काढण्याचे हत्यार आहे. याला आधार आहे. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या आपल्या पुस्तकात बेथलेहेम पोलाद कारखान्यातल्या कच्च्या लोखंडाच्या हमालीचा दाखला दिला आहे. एक माणूस दिवसाला साडेबारा टन उचलत होता, तो प्रत्येक हालचाल मोजून-मापून साडेसत्तेचाळीस टनांवर नेला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दुपटीच्याही आत. मुंबईच्या गिरण्यांत एका विणकराकडे दोनऐवजी तीन माग देण्याच्या बेतामागेही हीच दृष्टी होती, आणि १९२८ चा सुमारे सहा महिन्यांचा संप झाला त्याच्या कारणांत हे एक होते. तेव्हा आक्षेप खोटा नाही. पण त्या संपानंतरचे प्रकरण पाहिले पाहिजे. संपाची चौकशी करणाऱ्या फॉसेट समितीपुढे मजुरीच्या प्रमाणीकरणाची योजना तपासणीला आली तेव्हा कामगारांच्या प्रतिनिधींनी मोजमापाकडे पाठ फिरवली नाही. कोणत्या सुताला, कोणत्या पन्ह्याला, कोणत्या मागाला किती दर, यावर ते तपशिलाने भांडले. मोजपट्टी मालकाच्या हातात एकट्याने राहू नये हा त्यांचा आग्रह होता, आणि मला तो पूर्ण बरोबर वाटतो. विश्लेषणाच्या कागदावर ते काम करणाऱ्याची सही असली पाहिजे, त्याच्या संघटनेला तो पाहता आला पाहिजे, आणि मतभेद असेल तर तोही त्यातच नोंदला गेला पाहिजे. ही अट पाळली नाही तर टेलरची पुनरावृत्ती होईल, हे मी मान्य करतो.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा. काम लिहून दिले की माणूस ‘हे माझ्याकडे नाही’ म्हणायला मोकळा होतो, आणि पूर आला, साथ आली तर कोणाला हलवायचे? पण आज काम लिहिलेले नसतानाही हेच उत्तर ऐकू येते, आणि ते खोटे ठरवायला हातात काही नसते. आणीबाणीचे काम ‘इतर कामे’ मध्ये कोंबण्याऐवजी आणीबाणी म्हणून लिहिता येते: कोणत्या प्रसंगी, किती दिवस, कोणाच्या आदेशाने, आणि त्या काळात नेहमीचे काम कोणी करायचे. अग्निशमन दलाचे सगळे कामच आणीबाणीचे आहे आणि तिथे जबाबदाऱ्या सर्वांत काटेकोर असतात.

तिसरा आक्षेप असा, की कामे इतक्या झपाट्याने बदलतात की आज लिहिलेले उद्या शिळे होईल. काही प्रमाणात हे खरे आहे. घरपट्टी ऑनलाइन भरली जाऊ लागली की वसुली लिपिकाचे निम्मे काम बदलते. आपल्या देशाचे व्यवसाय-वर्गीकरणही २००४ नंतर २०१५ मध्ये नव्याने करावे लागले. पण यातून निघतो तो निष्कर्ष फेरतपासणीचा. जमाखर्च रोज बदलतो म्हणून कोणी वही ठेवायचे सोडत नाही.

राहिला खर्चाचा आणि वेळेचा मुद्दा, आणि मस्तगडासारख्या कार्यालयांच्या दृष्टीने तोच व्यवहारात निर्णायक ठरतो. अर्नेस्ट मॅककॉर्मिक यांची १९७२ ची कार्यविश्लेषणाची प्रश्नावली १९४ घटकांची आहे. ती घेऊन शेकडो पदांवर बसायचे म्हटले तर आस्थापना लिपिकाचे दुसरे काहीच होणार नाही. त्याची गरजही नाही. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली निर्णायक प्रसंगांची पद्धत मराठी कार्यालयांना जास्त मानवेल असे मला वाटते, कारण तिचे साधन गप्पा हेच आहे. काम फार चांगले झाले असा अलीकडचा एक प्रसंग सांगा, काम फसले असा एक सांगा, त्या वेळी तुम्ही नेमके काय केलेत? असे दहा-बारा प्रसंग एका पदाबद्दल जमले की कामाचा गाभा वर येतो, आणि जे कर्मचारी अर्ज-नमुने भरायला बिचकतात तेही अशा प्रश्नांना मोकळेपणाने उत्तर देतात. सुरुवात सगळ्या संवर्गांपासून करायची नाही. जिथे जीव धोक्यात आहे ते एक पद आणि जिथला जाणता माणूस लवकरच निवृत्त होणार आहे ते एक पद, एवढी दोन घ्यावीत. वॉलमनबरोबर उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा पूर्ण पाळी फिरावे, कारण ही दोन कामे वेगळी आहेत. लिहिलेला मसुदा त्याला वाचून दाखवावा आणि तो म्हणेल तिथे दुरुस्त करावा. मग शेवटच्या ओळीशी यावे, आणि गेल्या वर्षभरात ‘इतर कामे’ म्हणून त्याला काय काय सांगितले गेले ते तारखांसह त्याच्याकडून लिहून घ्यावे. त्यातली जी कामे नियमित निघतील ती वरच्या कलमांत घ्यावीत, त्यांचा वेळ धरावा, आणि मगच आकृतिबंधाच्या तक्त्यात त्या पदापुढचा आकडा भरावा.